जाळी राखून ठेवा

माघातल्या एका सोमवारी सकाळी माझा भाऊ माधव मुंबईच्या इस्पितळात वारला. दुपारी दहन झाले. तिसऱ्या दिवशी मी अस्थी घेऊन नाशिकला गेले आणि तेथून पुण्याला परत आले. सुतक फिटल्यावर शाळेत रुजू झाले.

वैशाखात सुटी लागली तेव्हा शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या शिवेवरच्या काजळवाडीला जाऊन आले. त्या प्रवासाचे हे वर्णन आहे. त्या बाजूला कोणी मुद्दाम जात नाही. तेथे नावाजलेले देऊळ नाही आणि उन्हाळ्यात दुपारी दगडावर पाय ठेववत नाही. मी तेथे एक जाळी पाहायला गेले होते. जाळी म्हणजे काटेरी झुडपांचे गचपण. करवंद, तोरण, धायटी, मुरुडशेंग आणि मधूनच निवडुंग, असे एकमेकांत गुंतून वाढलेले. माधव जवळच्या गावात शाळामास्तर होता आणि राहायला काजळवाडीत, ठाकरांच्या वस्तीत राघोच्या घरी, होता. वाडीमागच्या माळावरची ही एक जाळी त्याने वाडीकरवी तोडीतून वाचवून ठेवली होती.

जाळीच्या उताराखाली ओहोळ आहे. ओहोळ दिवाळीनंतर आटतो, पण त्याच्या पात्रात खणलेल्या खड्ड्यात, ज्याला तिकडे डवरा म्हणतात, पाणी झिरपत राही. वाडी सारा उन्हाळा त्या पाण्यावर काढी. जाळी आहे तोवर डवरा आहे, असे माधव म्हणे. त्याच्यामागे घर नाही, मूल नाही, छापलेली एक ओळ नाही. ती जाळी होती. तिच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसावे, एवढ्यासाठी मी निघाले.

आधी थोडे मारवाडाविषयी

काजळवाडी कळायची तर मारवाड सांगायला हवे, कारण माधव जाळीकडे तिकडून आला.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर तो बिकानेरच्या बाजूला वाळू थांबवण्याच्या कामावर गेला. एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे जाऊन राहिले. पहाटे थंडीने बोटे आखडत आणि दुपारी डोळे उघडवत नसत. आम्ही बाजरीची जाड भाकरी आणि फोगाच्या कळ्यांचे दह्यातले रायते खात असू. फोग हे तिकडचे झुडूप. त्याला पाने जवळजवळ नाहीत, नुसत्या हिरव्या काड्या. मला ते वाळलेले खराटे वाटले आणि मी तसे बोलूनही गेले. माधव हसला. त्याने मला एका फोगाच्या आडोशाला बसायला लावले.

"वारा लागतो का?" त्याने विचारले.

नव्हता लागत. हातभर अंतरावर वाळू सरकत होती आणि फोगापाशी ती थांबून तिचा ढीग झाला होता. ढिगाच्या पायथ्याशी वाळका पाला, मेंढ्यांच्या लेंड्या, उंदरांची बिळे होती, आणि त्या कचऱ्यात शमीचे एक बोटभर रोप.

"झाडाचं बाळंतपण झुडपात होतं, ताई," तो म्हणाला. "लोक झाडं लावायला निघतात आणि आधी झुडपं तोडून जागा साफ करतात."

तिकडचे लोकही फोग मुळासकट खणून त्याचा कोळसा करीत. त्यांच्याकडे जाळायला दुसरे नव्हते. माधवने त्यावरून कोणाला नावे ठेवलेली मी ऐकली नाहीत. पुढे ते काम संपले आणि तो मुरबाडच्या बाजूला मास्तर म्हणून आला. मी त्याला म्हटले, आता तू पावसाच्या मुलखात आलास. तो म्हणाला, "हेही वाळवंटच आहे. फक्त आठ महिन्यांचं."

वाशिंद

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसून मी वाशिंदला उतरले. वाटेत उतरण्याचे कारण गोमा. गोमा काजळवाडीचा. दिवाळीनंतर तो वाशिंदच्या वीटभट्टीवर कामाला येतो. माधव इस्पितळात होता तेव्हा त्याला भेटायला आलेला वाडीचा तो एकच माणूस. बाटलीत मध घेऊन आला होता. माधवला तेव्हा गिळवत नव्हते. मधाचे बोट त्याने ओठांना लावून घेतले आणि गोमाला म्हणाला, "राघोला सांग, जाळी राखून ठेवा." त्यानंतर तो फारसे काही बोलला नाही. ते शब्द बोलला तेव्हा मी तेथेच होते, म्हणून ते मला ठाऊक आहेत.

भट्टीवर सगळीकडे कोंड्याचा धूर होता. गोमा चिखल तुडवत होता. मला पाहून तसाच मांडीपर्यंत भरलेल्या पायांनी धावत आला.

"काय रे गोमा, शाळा तुला शोधत आली का काय?" मुकादम लांबून ओरडला.

"गुरुजींची बहीन हाय, मुकादम! जरा दमानं बोला."

मुकादमाने टोपी सारखी केली आणि दुसरीकडे वळला. गोमाने कच्च्या विटांवर पोते अंथरून मला बसवले आणि गुळाचा कोरा चहा आणून दिला. स्वतः उभाच राहिला.

"निरोप पोचला का?" मी विचारले.

"पोचला म्हंजी! मला काय मुकादम पाऊस लागेस्तवर सोडत नाय. पन माजी बहीन बायजा, ती आटगावला लायनीवर खडी फोडते. ती शिमग्याला वाडीवर जानार व्हती. मग मी आटगावला गेलो."

"तिला नीट सांगितलंस?"

"जसाच्या तसा. आधी ती भेटाच ना, बाय. सगल्या फलाटावर शोधली. मग मी गाडीत चढलो नि ती समोर दिसली. गाडी हालली व्हती. मी दारातनं वरडून सांगला. असा वरडलो का टेसन मास्तर बाहेर आला!" तो हसला आणि मग माझ्याकडे पाहून थांबला. "बायजाचे कान चांगले हायत, बाय. तिनी हात केला."

मी त्याचे आभार मानले. निघताना तो म्हणाला, "यंदा जाळीला करवंदं लय असतील. गुरुजी खायाचे ना, तशी हिरवी पन खा. मीठ लावून."

शेणव्याचा रस्ता

दुसऱ्या दिवशी शहापुरातून एस.टी.ने निघाले. शेणव्याच्या अलीकडे गाडीचे पाणी तापले आणि ड्रायव्हरने ती पळसाखाली उभी केली. पळसाला सावली अशी नव्हती. उतारू खाली उतरले. दोन्ही बाजूंना माळ होते, तांबडा मुरूम आणि त्यावर गुरांच्या पायवाटा. पावसाळ्यात हाच मुलूख इतका हिरवा असतो म्हणतात की बांध दिसत नाहीत. मी तो तसा कधी पाहिलेला नाही.

खाली सखल जागी शेतांतून राब भाजण्याचे काम चालू होते. आमच्या देशावर हे नाही, म्हणून सांगते. ज्या तुकड्यात भाताचे बी पेरायचे तेथे शेण, पालापाचोळा, झाडांचे तोडलेले टहाळे, झुडपे आणि गवत असे थरावर थर रचतात, वर माती पसरतात आणि ते भाजतात. त्या भाजलेल्या, राख मिसळलेल्या मातीत रोप जोमाने येते. राब नसेल तर रोप पिवळे पडते, आणि रोप गेले की वर्ष गेले. त्यासाठी टेकड्या दर उन्हाळ्याला थोड्या थोड्या उघड्या होतात. माधव याला वेडेपणा म्हणत नसे. एवढेच म्हणे की यांना दुसरे काही मिळेपर्यंत एखादी जाळी तरी वाचली पाहिजे.

गाडीभोवती दोन ठाकर बाया करवंदे घेऊन आल्या. पळसाच्या पानांचे द्रोण, वर काळी, खाली तांबूस. धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी एक करवंद बोटात धरून ड्रायव्हरला विचारले, "सांग, कोंबडा का कोंबडी?"

"कोंबडी," ड्रायव्हर इंजिनातून डोके न काढता म्हणाला.

म्हाताऱ्यांनी करवंद फोडले. आतून लाल निघाले. "कोंबडा! म्हणून तुझी गाडी चालत नाही."

सगळे हसले. लहानपणी माधव आणि मी हा खेळ परसात खेळत असू. आतून लाल तो कोंबडा, पांढरी ती कोंबडी. माधवला हरायची भीती वाटली की तो करवंद न फोडताच गिळून टाकी. मी एक द्रोण घेतला. चिकाने ओठ चिकटले.

"ही काजळवाडीच्या माळावरची का गं?" मी त्या बाईला विचारले.

"नाय गो बाय. ही अलीकडची. काजळवाडीला यंदा करवंदं नाय."

"का?"

"कोन जाने," ती म्हणाली आणि दुसऱ्या उतारूकडे गेली. मला वाटले, बहर गळाला असेल.

काजळवाडी

शेणव्याच्या पुढे जिथे वाडीची पायवाट फुटते तिथे राघो उभा होता. मी येणार हे त्याला एस.टी.च्या कंडक्टरकडून कळवले होते. राघो हा वाडीचा जुना माणूस. माधव त्याच्याच घराच्या पडवीत राहिला. त्याने माझी पिशवी घेतली. माझ्या चपलेचा पट्टा शहापुरातच तुटला होता, मी पाय ओढत चालत होते. राघोने कमरेची एक सालीची दोरी सोडली, मला पाय उचलायला न लावता तिथल्या तिथे चपलेला बांधली आणि गाठ दाताने ओढली.

"मुरुडशेंगीची साल," तो म्हणाला. "आपल्या जाळीतलीच. गेल्या सालची."

तो पिशवी घेऊन पुढे चालू लागला. मग पुढे पाहतच म्हणाला, "गुरुजींनी सांगला तसा केला, बाय. काय कमी केला नाय."

हे ऐकून मला बरे वाटले. माघापासून पहिल्यांदाच वाटले. मी त्याला म्हटले, तुमच्यावर माधवचा भरवसा होताच. राघोने मान हलवली.

मागे एका दिवाळीत मी त्या वाटेने माधवबरोबर गेले होते. टेपाडाला वळसा घातला की समोर माळ दिसे आणि त्याच्या खांद्यावर जाळी, हत्तीच्या पाठीसारखी. माधवने मला काटे बाजूला धरून आत नेले होते. बाहेर मुरूम तापलेला आणि आत जमीन गार, काळी, बोटांना ओलसर. साळिंदराचा एक काटा सापडला. बुलबुल इतके होते की एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. मधोमध, जिथे शेळीचे तोंड पोचत नाही, तिथे ऐनाचे एक रोप माझ्या कमरेएवढे झाले होते. पाखरांनी टाकलेल्या बियांतून आलेली आणखी कसलीकसली रोपे होती. माधव एकेकाचे नाव सांगत होता. पावसाचे पाणी, तो म्हणाला, माळावरून धावत सुटते आणि इथे येऊन चालू लागते. चालता चालता मुरते. तेच वैशाखात डवऱ्यात येते.

आम्ही टेपाडाला वळसा घातला. माळ दिसला. मला वाटले, वाट चुकली. त्या खांद्यावर काही नव्हते. जमीन एका मोठ्या वर्तुळात काळी होती आणि तिच्यावर वाऱ्याची धूळ बसत होती.

"जाळी कुठं आहे, राघो?"

"घरी हाय, बाय."

मला ते समजले नाही. तो माझ्यापुढे चालत होता, मी मागे. घर आले. कुडाच्या भिंतीचे, शेणाने सारवलेले घर. राघोची बायको चांगुणा दारात होती. तिने माझ्या पायांवर पाणी घातले. ते फार थोडे होते, आणि गढूळ. मग राघो मला पडवीच्या त्या कोपऱ्यात घेऊन गेला जिथे माधवचे अंथरूण असे. तेथे एक मोठे मडके होते. त्याचे तोंड पळसाच्या पानांनी बांधून शेणाने लिंपले होते आणि वर कुंकू लावले होते.

"ही बघा," राघो म्हणाला. "जाळून राख ठेवलीय. गुरुजींनी सांगला तशी. राबाला चिमूट नाय घेतली कोनी."

मी खाली बसले.

जाळी राखून ठेवा. जाळून राख ठेवा. मी ते दोन्ही मनात म्हणून पाहिले. चालत्या गाडीच्या दारातून, फलाटावरून, शिमग्याच्या ढोलांतून आलेले ते शब्द. बायजा वाडीवर पोचली तो धुळवडीचाच दिवस होता, असे चांगुणाने मग सांगितले. सगळे होळीची राख कपाळाला लावत होते, तेव्हा तिने निरोप सांगितला, आणि कोणाला तो चुकीचा वाटला नाही.

"मला वाटला व्हता," चांगुणा म्हणाली. "मी ह्यांना म्हनले, अवो, जलमभर जाळीला कोयता लावू दिला नाय त्या मानसानी, नि आता जाळा म्हनंल? पानी जाईल. तं ह्ये म्हनले, मेलेल्या मानसाचा शबुद हाय."

"तुमच्यात तसा रिवाज असंल, असा वाटला आमाला," राघो म्हणाला. "मानसाचा जीव ज्याच्यात असंल ता त्याच्यामागं जाळायचा नि राख ठेवायची. तुमी पन ठेवता ना? मडक्यात?"

मी हो म्हटले. आम्ही ठेवतो, तीन दिवस.

"मंग," तो म्हणाला. "बायजा सांगत आली का तुमच्याकडचा कोन तरी न्यायला येईल. तुमीच आल्या."

त्यांनी नारळ फोडून, कोंबडे कापून, पाया पडून जाळी पेटवली होती. दोन दिवस ती जळत होती. साप निघाले, ससे निघाले, ते त्यांनी मारले नाहीत, जाऊ दिले. मग सगळ्या वाडीने मिळून राख वेचली होती. मी जेवायला बसले. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. चांगुणाने शेजारच्या घरून माझ्यासाठी तांब्याभर पाणी मागून आणले होते, ते निवळून स्वच्छ झाले होते. त्या दिवशी मी त्यांना काही सांगितले नाही. सांगून काय होणार होते?

डवऱ्यावर

सकाळी चांगुणाबरोबर ओहोळात गेले. डवऱ्याच्या तळाशी चिखल वाळून त्याचे तुकडे झाले होते. कडेला बायकांनी आणखी दोन खड्डे खणून पाहिले होते. तेही कोरडे. वाडीच्या बाया आता नदीच्या डोहावर जातात, उजाडायच्या आधी निघाल्या तर ऊन चढायच्या सुमारास परततात.

"यंदा लवकर आटला," चांगुणा म्हणाली.

तेथून मी माळावर चढले. जाळीची खोडे जळाली तरी मुळांनी फुटवे काढले होते. पण आता त्यांच्याभोवती जुन्या काटेरी फांद्या नव्हत्या, म्हणून शेळ्यांनी ते कुरतडले होते, जमिनीबरोबर. ऐनाच्या रोपाची जागा मला सापडली नाही. ज्या मातीत माझे बोट शिरले होते ती सुटी होऊन उतारावर आली होती, पायाखाली सरकत होती. मारवाडात चालतो तसे वाटले.

राघो माझ्यामागे वर आला होता. पलीकडच्या उताराकडे त्याने हात केला. तिथे एक लहान जाळी होती, माधवने नव्याने राखायला घेतलेली. तिला अजून कोणी हात लावला नव्हता.

"बाय, विचारायचा व्हता. ती पन पुढल्या शिमग्याला जाळायची का? गुरुजींच्या नावानं? वाडीत बोलतात, दर साल एक करू. जत्रा करू लहानशी."

हे ऐकेपर्यंत मी ठरवले होते की काही बोलायचे नाही. आता बोलावे लागले. मी त्याला माधवचे शब्द सांगितले, जसे ऐकले तसे. दोनदा सांगितले.

राघो उभा होता तो बसला. ओठ हलवून त्याने ते शब्द म्हणून पाहिले. आधी एक, मग दुसरे.

"येवडाच?" तो म्हणाला.

"एवढंच."

खालून चांगुणा वर येत होती. तिने विचारले काय झाले. राघोने सांगितले. तिने कमरेवर हात ठेवले, तोंड उघडले, आणि मला वाटले ती आता त्याला बोलेल, मी म्हटलं नव्हतं का म्हणून. तिने तोंड मिटले. ती त्याच्याशेजारी खाली बसली. नवऱ्याला असे बसलेले तिने याआधी पाहिले नसावे.

थोड्या वेळाने राघो उठला आणि गावात गेला, ज्या गावात माधवची शाळा होती. पलीकडची जाळी त्या गावच्या वाटेवर होती. गावकऱ्यांनी शिमग्यानंतर एकमेकांत बोलून ठेवले होते की गुरुजींनीच आता जाळायला मोकळीक दिली, तर राबाला ती जाळी तोडून आणायची. राघोला ते अडवायचे होते. मी त्याच्याबरोबर गेले.

पारावर चारपाच माणसे होती. राघोने सांगितले की निरोप चुकीचा ऐकला गेला. गुरुजी जाळा म्हणाले नव्हते, राखा म्हणाले होते. तो हात जोडून सांगत होता. एकाने पानाची पिंक टाकली.

"अरे राघो, तुझा गुरुजी मेल्यावर किती येळा निरोप बदलनार?"

हशा पिकला. माझ्याकडे लक्ष जाताच एकदोघे सावरून बसले.

"बाई, तुमी सांगता ते खरं असंल," त्यांच्यातला वयस्कर माणूस उठून उभा राहून म्हणाला. तो उर्मट नव्हता. "गुरुजी चांगला मानूस. आमच्या पोरांना शिकवला. पन पाऊस तोंडावर आला. राबाला आनायचं कुठून? जवळचं दुसरं काय उरलंय? तुमी सांगा, आमी तिथनं आनतो."

माधवला तरी दुसरी जागा सांगता आली असती की नाही, मला ठाऊक नाही.

परतताना राघो माझ्या बराच पुढे चालत होता. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. जेवला नाही. चांगुणाने पडवीतले मडके उचलून माझ्यापुढे ठेवले.

"ह्ये तुमी न्या, बाय. ह्ये घरात असंल तं ते काय उठायचे नायत." आणि मग, अगदी हळू, "तुमी पन जावा आता."

ती मला वाटेपर्यंत पोचवायला आली. मडके तिच्या डोक्यावर होते. टेपाडाच्या वळणावर समोरून एक बैलगाडी आली, तिच्यावर करवंदाच्या ओल्या काटेरी फांद्या रचल्या होत्या, हिरवी करवंदे तशीच लागलेली. आम्ही कडेला झालो. गाडीवानाने चांगुणाला ओळखून मान हलवली. गाडी गेल्यावर वाटेवर काही करवंदे पडली होती. चांगुणाने त्यांच्यावरून पाऊल टाकले, एकही उचलले नाही.

आटगाव

मला कल्याणला परत जायचे होते. तरी मी आसनगावला उलट्या दिशेची गाडी घेतली आणि आटगावला उतरले. बायजाला पाहावे असे मनात आले होते. काय बोलायचे ते ठरले नव्हते.

फलाटाच्या टोकाला रुळांकडेला बायका खडी फोडत होत्या. डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या. हातोड्यांचा आवाज चालू होता, त्यात मालगाडी आली आणि लांबच लांब जात राहिली. तेवढ्या वेळात एक बाई दुसरीला ओरडून काही सांगत होती. दुसरीने ऐकले नाही, तरी हसून हात केला. त्यांतली बायजा कोणती हे मी विचारले नाही. विचारले असते तर ती आनंदाने उठून आली असती, गुरुजींची बहीण म्हणून, आणि निरोप जसाच्या तसा पोचवला म्हणून सांगितले असते.

मडके मांडीवर घेऊन मी बाकावर बसले. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "लोणचं का?" मी हो म्हटले. मग कल्याणची गाडी आली.

हे लिहायला वेळ लागला. मध्ये पावसाळा होऊन गेला. गोमा दिवाळीनंतर पुन्हा वाशिंदला आला, त्याला मी जाऊन भेटले. त्याला सारे कळले होते. तो विटा रचत राहिला, वर पाहिले नाही. डवरा माळावरून आलेल्या मातीने भरून गेला, असे तो म्हणाला. वाडीतली चार घरे नदीकडे उठून गेली. राघो अजून त्याच घरात आहे, पण कोणी निरोप सांगायला आला की आत जातो. पलीकडच्या जाळीच्या जागी मुरूम आहे.

माझ्या चपलेची सालीची दोरी तुटली, तिचे तुकडे मी टाकले नाहीत. मडके पुण्याला माझ्या खोलीत, खिडकीखाली आहे. ते नदीत सोडायचे की मातीत मिसळायचे, हे मला ठरवता आलेले नाही. जाळी नाही. राख आहे. ती ठेवली आहे.